गतिरोधकापाशी

सोसायटीच्या गेटजवळचा गतिरोधक आला की माझी बायको सुमन न सांगता दार उघडते, गुडघ्यावर हात टेकून उतरते आणि पलीकडे जाऊन थांबते. तेवढं वजन कमी झालं की गाडीचं पोट घासत नाही. माझी ही स्पोर्ट्स कार वळणावर डुलू नये म्हणून मीच पार्किंगमध्ये जॅक लावून कडक शॉक अ‍ॅब्झॉर्बर आणि आखूड स्प्रिंगा बसवल्या, आणि गाडी जमिनीलगत आली. तिचे गुडघे दुखतात, हे तेव्हाही मला ठाऊक होतं. आपली हौस सुरळीत जावी म्हणून घरातलं कुणीतरी असं मुकाट्याने उतरत असतं.

आज गाडी चालवताना म्हणालो, "जुन्या स्प्रिंगा परत बसवतो."

"राहू द्या. त्यांच्यावर मी कुंड्या ठेवल्यात."

कोपऱ्यावरचा गतिरोधक दिसायच्या आतच तिने सीटबेल्टचा पट्टा सोडला.