तेरचा ग्रीक

"आपलाच हाय त्यो," असं म्हणत अण्णा खिशातून खापराचा एक तुकडा काढायचे आणि टेबलावर ठेवायचे. तुकडा टेबलावर आला की सामना सुरू झाला असं समजायचं.

सामना टेनिसचा. जागा धाराशिवमधल्या आमच्या कॉलेजचं ग्रंथालय. अण्णा तिथले ग्रंथपाल, मी त्यांचा सहायक. जानेवारीत ऑस्ट्रेलियातली मोठी स्पर्धा लागली की सकाळपासून अण्णांचा मोबाइल जाडजूड शब्दकोशाला टेकून उभा असे. खेळाडूंची नावं दिसली की अण्णा चष्मा कपाळावर चढवत आणि डोळे बारीक करून आडनावाचा शेवट तपासत. शेवटी 'ओस', 'ईस' किंवा 'पुलोस' असलं की माणूस ग्रीक, आणि ग्रीक म्हणजे आपला. मग तो मेलबर्नला जन्मलेला असो की अमेरिकेत, पासपोर्ट कुठलाही असो, अण्णांना फरक पडत नसे. "आजा कुठनं आला ते बघायचं," ते म्हणत. "बाकीचं कागद सरकारी असत्यात."

तुम्ही म्हणाल, तेर गावच्या माणसाचं ग्रीकांशी नातं काय? मीही एकदा विचारलं होतं.

"दोन हजार वर्षांमागं आमच्या गावचं कापड त्येंच्याकडं जात हुतं," अण्णा म्हणाले. "बैलगाडीनं बंदरापत्तर, तिथनं जहाजात. त्येंच्या एका खलाशानं आमच्या गावाचं नाव लिहून ठेवलंय. तुझ्या गावाचं लिहिलंय का कुणी?"

माझं गाव तेरखेड्याजवळ. तिथं बनलेले फटाके लांबवर वाजतात, पण ग्रीसमध्ये ऐकू गेल्याची नोंद नाही.

तो खापराचा तुकडा अण्णांना स्वतःच्या शेतात नांगरताना मिळाला होता. त्यांच्या मते तो ग्रीक सुरईचा. आमच्या इतिहासाच्या प्राध्यापकांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि "रांजणाचा असेल, शंभरेक वर्षांचा," असं सांगितलं. त्यानंतर त्या प्राध्यापकांना हवं असलेलं पुस्तक नेहमी बाइंडिंगला गेलेलं असे.

अण्णांनी आयुष्यात रॅकेट हातात धरली नव्हती. आमच्या कॉलेजात टेनिसचं मैदान नाही. कबड्डीचं आहे, त्यावर लग्नसराईत गाड्या लागतात. गुण मोजण्याचीही त्यांची पंचाईत होती. आमच्या शिपाई काशीबाईंनी एकदा विचारलं, "अण्णा, पंधरा झाले, तीस झाले, मग चाळीस कसं? पंचेचाळीस नको का?"

"ग्रीकांचं गणित लई खोल असतंय, काशीबाई," अण्णा म्हणाले. टेनिस ग्रीकांनी काढलेलं नाही, हे सांगण्याचं धाडस आमच्यात कुणाला नव्हतं.

मेलबर्नला म्हणे ग्रीकांची मोठी वस्ती आहे. तिथली पोरं निळ्या-पांढऱ्या शर्टांत झुंडीनं येत, दोन गुणांच्या मध्ये गाणी म्हणत, आणि पंच बिचारा माइकवरून 'शांत राहा' म्हणून विनवत राही. इकडे अण्णा टेबल बडवत. त्यांच्या डोक्यावर 'शांतता राखा' ही पाटी होती, ती त्यांनीच सुंदर अक्षरात रंगवलेली. स्पर्धा परीक्षेची पोरं अभ्यासिकेतून उठून यायची आणि ग्रंथपालांना म्हणायची, "सर, जरा हळू."

एका वर्षी त्यांनी एका खेळाडूवर दोन सामने असाच जीव टाकला. तिसऱ्या सामन्याला एका पोरानं सांगितलं, "सर, हा लिथुआनियाचा आहे. तिथली आडनावंही अशीच असतात." अण्णांनी क्षणभर विचार केला. "तिथं बी आपली मानसं गेली आसतील," ते म्हणाले आणि खापर जराही हलवलं नाही.

त्याच स्पर्धेत एक मुलगी खेळत होती. बाप जर्मन, जन्म कॅनडाचा, आडनावही बापाचं. अण्णांच्या तपासणीत ती नापास झाली होती. पण तिची आई ग्रीक असल्याचं कळलं आणि त्यांनी लगेच निकाल फिरवला. "आईकडून आली तरी आपलीच! रगत कुठं जातंय?"

हे सगळं मी हसत लिहितो आहे, पण या माणसाचं माझ्यावर मोठं ऋण आहे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी इथं शिकत असताना मला दोनच पुस्तकं नेता येत. अण्णा स्वतःच्या कार्डावर आणखी चार देत. पुढं मला इथं नोकरी लागली ती त्यांनी अर्ज भरायला लावला म्हणून. आम्ही रोज एका टेबलावर जेवलो. माझ्या आईच्या हातची शेंगाची चटणी ते माझ्याआधी संपवत. मी बौद्ध आहे, हे त्या टेबलावर कधी आडवं आलं नाही.

म्हणूनच पुढचं मला समजलं नाही. त्यांच्या मुलीनं पुण्यात नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. मुलगा बँकेत, सरळ स्वभावाचा, आणि बौद्ध. अण्णांनी मुलीशी बोलणं तोडलं. जावयाचं आडनाव ते तोंडातून काढत नसत. "त्यो पुण्याचा," एवढंच. जगातली अवघड ग्रीक आडनावं न अडखळता म्हणणारा माणूस या तीन अक्षरांपाशी अडत होता. त्याच आडनावाची आमच्या गल्लीत सहा घरं आहेत. अण्णा मात्र दुपारी पूर्वीसारखाच माझा डबा उघडत, "चटणी हाय का?" म्हणत. मी चटणी पुढं सरकवत असे. बोललो काही नाही. त्याची लाज अजून वाटते.

मग नातू झाला. मुलीनं बारशाची पत्रिका घरी न पाठवता ग्रंथालयाच्या पत्त्यावर पाठवली. अण्णांनी ती वाचली आणि एका पुस्तकात खूण म्हणून घातली. त्या दिवशी सामना होता. मेलबर्नचा एक ग्रीक पोरगा जिंकला. त्याच्या मुलाखतीत कॅमेरा प्रेक्षकांतल्या एका म्हाताऱ्यावर गेला. पोराचा आजा. म्हातारा डोळे पुसत होता.

"बघा काशीबाई," अण्णा म्हणाले, "सात समुद्रापार जन्मला, तरी आज्यानं टाकला न्हाय."

काशीबाईंनी हातातला झाडू भिंतीला टेकवला. "अण्णा, आईकडून आला तरी आपला म्हनता न्हवं? मग पुन्याचं लेकरू कुणाकडून आलंय?"

अण्णांनी मोबाइल बंद केला आणि खापर खिशात टाकलं. बारशाला मात्र ते गेले नाहीत.

पुढच्या जानेवारीच्या अखेरीस ते निवृत्त झाले. निरोपसमारंभाच्या सकाळी मी सभागृहात गेलो तर अण्णा पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांच्या पाठीवर चिठ्ठ्या चिकटवत होते. आयुष्यभर पुस्तकांच्या कण्यावर चिकटवल्या, तशाच सरळ रेषेत. पहिल्या खुर्चीवर बायकोचं नाव, दुसऱ्या खुर्चीवर मुलीचं, तिसऱ्या खुर्चीवर जावयाचं पूर्ण नाव. आडनाव जरा मोठ्या अक्षरात होतं. चौथ्या खुर्चीवर नातवाचं.

"फोन केला व्हता," माझ्याकडं न बघता ते म्हणाले. "बघती म्हनली. येती म्हनली न्हाय."

बायको येऊन बसली. बाकीच्या तीन खुर्च्या भाषणं संपेपर्यंत रिकाम्या होत्या. प्राचार्य अण्णांच्या शिस्तीबद्दल बोलत होते. अण्णा दाराकडं बघत होते. हार, शाल, चहा, सगळं उरकलं. कॉलेजची पोरं खुर्च्या गोळा करू लागली, तेव्हा अण्णा आडवे गेले. "ह्या राहू द्या."

मी थांबू का म्हणून विचारलं. मोबाइल त्यांच्या हातात होता, उपांत्य सामना चालू होता, आणि त्यात आपला एक जण होता.

"किती झाले?" मी विचारलं.

"कुनास ठाव," अण्णा म्हणाले. "तू जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉचमननं सांगितलं की पुण्याची माणसं आली, पण दिवस मावळता मावळता. गाडी वाटेत बंद पडली होती. पोरगं म्हाताऱ्याची दाढी बघून रडायला लागलं. अण्णांनी खिशातलं खापर त्याच्या हातात दिलं, तेव्हा गप्प झालं. मग जावयानं अण्णांची शाल, नारळ आणि पुस्तकांची पेटी रिक्षात ठेवली.

माझ्याशी या विषयावर अण्णा कधीच बोलले नाहीत. आता ते तेरला असतात. मोबाइल टेकवायला शब्दकोश मोकळा आहे, पण टेकवत नाही कुणी. सभागृहातली तिसरी, जावयाच्या नावाची खुर्ची मी ग्रंथालयात आणून घेतली आणि रोज तिच्यावरच बसतो. पाठीवरची चिठ्ठी काढलेली नाही. धूळ बसली की काशीबाई ती पदरानं पुसतात, आडनाव नीट वाचता यावं म्हणून.