गुणाबाईच्या गाडीतले दोन दिवे

गुणाबाईनं मले जेवढे सवाल केले तेवढे पोलिसानंबी कोनाले केले नसन. मी नवाब, गडचिरोलीत तिच्या घरची मोटार चालवत होतो. मांगच्या शीटवर बसली का तिचं सुरू. हे काय होय, थे काऊन फिरते, हा काटा कोनाले भिऊन खाली येते? कवा कवा डोकं असं तापे का गाडीतलं पानी त्यापरीस थंडं. पन खरं सांगतो, तशी बाई मी दुसरी पाह्यली नाई.

गाडी तिच्या नवऱ्यानं, नानाजीनं, एका गोऱ्या साहेबापासून घेतली होती. साहेब इलायतेले गेला, गाडी इथीच राह्यली, आन तवाच थे जुनी होती. मंग नानाजीबी गेले. पोटी लेकरू नाई, कपाळ पांढरं झालं, आता हिनं घरात बसाचं असंच साऱ्याइनं धरलं. गुणाबाईनं मले बोलावलं. म्हने, उभी ठेवली तं गाडी जंगते, मानसाचंबी तसंच हाय, तू काढ गाडी. तवापासून धानाच्या गिरणीवर, शेतावर, चांद्याले, जिथी जाचं तिथी गाडीनं. लोकाइले थे खटारा दिसे. मले मालूम होतं, बाईचा जीव त्यात हाय.

स्टेरिंगच्या पुढच्या पाटीवर दोन बारके दिवे होते, एक लाल, एक हिरवा. चाबी फिरवली का दोनी लागत, इंजन सुरू झालं का दोनी जात. पयल्याच दिवशी गुणाबाई दचकली. लावलेला दिवा असा शांत झाला, निंघाची येळ चांगली नाई, थांब म्हने. मले हासू आलं. म्हनलं, हा देवघरातला दिवा नोहे बाई, हे भुकेलं लेकरू होय. लाल रडला तं बॅटरीले करंट भेटून नाई राह्यला. हिरवा रडला तं इंजनात तेल फिरत नाई. गप हाय तं पोट भरलं समजाचं.

गिरणीपर्यंत बाई चूप. मले वाटलं, सुटलो. तं उतरता उतरता तिनं इचारलंच, "आन लेकरू रडलंच नाई तं? जलमल्याबरोबर जे रडत नाई, त्याचीच तं जास्त फिकर रायते."

बाईचं म्हननं बरोबरच होतं. चाबी फिरवल्यावर दिवा लागलाच नाई तं तो मेला, आन मंग आपन आंधळे. त्या दिवसापासून निंघताना तिचा नेमच झाला. मान लांब करून पाहे आन म्हने, रडले दोनी, गप झाले दोनी, चाल.

एकडाव हिरवा दिवा चालत्या गाडीत लागून राहे. तिचा दीर गुणवंतराव म्हने, दिवाच काढून टाक, कटकट गेली. गुणाबाई त्याले म्हने, लेकराचं तोंड दाबल्यानं भूक जाते का, भावजी? मी तेल भरलं तसा दिवा आपोआप गेला, पन गुणवंतरावाले थे बोलनं झोंबलं. घरचा कर्ता पुरुष तोच. त्यानं सांगून टाकलं का शिवरात्रीले मार्कंड्याच्या जत्रेले आपन याच गाडीनं जाऊ, आन वाटेत थांबली तं इकून टाकू. एक व्यापारी तयारच होता. गुणाबाई त्या रोजी जेवली नाई.

शिवरात्रीच्या सकाळी मी इहिरीवर पानी आनाले गेलो. तेवढ्यात गुणवंतरावाच्या बायकोनं, सुगंधाबाईनं, गाडीची पूजा केली. इधवेचा हात पूजेच्या ताटाले लागत नाई, म्हनून गुणाबाई दूर दारात उभी. सुगंधाबाई मनाची साफ, पन तिनं या दोन दिव्याइचं एवढं आयकलं होतं का तिले वाटलं, गाडीचे देव हेच. गावच्या मारोतीले थापते तसा तेलात कालवलेला शेंदूर तिनं दोनी दिव्याइवर थापला. मी येऊन पाह्यलं आन डोक्याले हात लावला. पन मी मुसलमान मानूस, दुसऱ्याच्या देवाचा शेंदूर कसा पुसू? घाईघाईनं सारे गाडीत बसले, बाईचा नेमबी राह्यला, आन निंघालो तसाच.

चामोर्शीच्या अलीकडं एका नाल्यात खालून गोट्याचा दणका बसला. वर चढलो तं जत्रेच्या बैलबंड्याइनं वाट अडवली होती, म्हनून इंजन बंद केलं. वाट मोकळी झाल्यावर चाबी फिरवली, गाडी सुरू केली. मांगून गुणाबाईची मान पुढं आली.

"नवाबभाऊ, आज दोनीबी रडले नाई."

वर शेंदूर हाय, म्हनून दिसत नाई, असं मी म्हनलं. तिनं गाडी कडेले घ्याले सांगतलं. गुणवंतराव हासला. म्हने, वहिनी, थांबली म्हनजे इकली, बोलनं ठरलं हाय.

तिले काय ठाऊक नव्हतं? चेहरा पार उतरला तिचा. तरी म्हने, "इकाची तं इका, भावजी. आंधळी नाई चालवाची."

मी गाडी कडेले घेतली, इंजन चालूच होतं. गुणाबाई पुढं वाकली आन आपल्या पांढऱ्या पदरानं शेंदूर पुसला. सुगंधाबाईनं तोंडावर हात ठेवला. जत्रेच्या दिवशी, देवाचा शेंदूर, आन इधवेच्या हातानं! पन त्या शेंदराखाली हिरवा दिवा टकटक लागून होता.

मी तवाच इंजन बंद केलं. गाडीखाली घुसलो तं गोट्यानं तेलाचा नट ढिला केला होता, मांगं धुळीत तेलाची धार नाल्यापासून दिसत होती. नट आवळला, डिक्कीतल्या डब्यातलं तेल भरलं, चाबी फिरवली. दोनी रडले, इंजन सुरू झालं, दोनी गप. गुणवंतराव त्या धारेकडं पाहत उभा होता. आखीन पुढं गेलो असतो तं काय झालं असतं, त्यानं हळूच इचारलं. इंजन जाम झालं असतं भाऊ, लोखंडाच्या भावात गेलं असतं, म्हनलं. तो गाडीत जाऊन बसला. इकाची गोष्ट त्यानं जत्रेतबी काढली नाई आन घरी आल्यावरबी नाई.

मंग दसरा आला. मी गाडी धुवून आंगनात लावली. शेजारच्या बाया जमल्या होत्या. सुगंधाबाई ताट घेऊन आली आन सीधी दारात गेली, गुणाबाईपाशी.

"शेंदूर तुमीच लावा बाई," थे म्हने. "कुठी नाई लावाचा, थे तुमालेच ठाऊक."

बाया एकमेकीकडं पाहाले लागल्या. गुणाबाईनं पदराले हात पुसले. मंग आली, स्टेरिंगवर शेंदराचं एक बोट लावलं, दिव्याइपासून चांगलं दूर. डोळे भरून आले होते तिचे, पन बाई थे बाईच.

"चाबी फिरव, नवाबभाऊ," म्हने. "रडतेत का पाहू दे."