मुक्या सायकलीची घुंगरमाळ

माझ्या तोंडाला पहिल्यापासून धरबंद नाही. "तोंड आवर गं जरा," हे सासूबाईंचं रोजचं पालुपद. अन् नशिबानं मला गाडी मिळाली ती मुकी.

तेलगावच्या अलीकडं सडकेला लागून आमचं घर, माझी अंगणवाडी चार किलोमीटरवरच्या वस्तीवर. गुडघा दुखायला लागला तसं ह्यांनी बॅटरीवर चालणारी सायकल आणली. गावात तेव्हा मोबाईल नवे होते, लोडशेडिंग मात्र जुनं. सासूबाईंनी सायकलीला हळदकुंकू लावलं अन् लगेच अट घातली, "उसाच्या गाड्यांची सडक हाय. एकदा जरी पडलीस तर सायकल इकायची, अन् नोकरी बी सोडायची."

ह्यांनी मान हलवली. आईपुढं ह्यांची मान लई सैल.

वस्तीवरची लेकरं 'बाई, बाई' करत पदराला लोंबकळायची. ते सोडून घरी बसणं मला जमणारं नव्हतं.

आठवडाभरात कळलं, आपल्याकडं माणूस मागं वळून बघत नाही, कानानं बघतो. जीपचा आवाज आला की कडेला, ट्रॅक्टरवरची गाणी आली की आणखी कडेला. माझी सायकल पाठीला टेकली तरी सडकेच्या मधोमध गप्पा चालूच. हॉर्न होता, पण लाईट नसली की बॅटरी अर्धीच भरायची, अन् आधी हॉर्नच मरायचा. एक म्हातारबा दचकून म्हणाले, "कावून भुतावानी येती गं?"

मग ह्यांनी डोकं लढवलं. पोळ्याला बैलाच्या गळ्यात घालायची घुंगरमाळ हँडलला बांधली. मला वाटलं, मिटलं एकदाचं.

कसलं मिटतंय. घुंगरं ऐकून लोक आणखीच निवांत झाले. बैलगाडी यायला अवकाश हाय म्हणून रमतगमत सडक ओलांडायचे, अन् मी बैलाच्या चौपट वेगानं त्यांच्या अंगावर.

एका दुपारी परत येताना घराजवळच्या वळणावर डोक्यावर कडब्याचा भारा घेतलेली बाई सडकेत आली. मी ओरडले, हँडल वळवलं अन् थेट उसाच्या पाचटाच्या ढिगात गेले. कोपर सोललं. दचकून बाई मटकन खाली बसली, भारा गडगडला, तेव्हा चेहरा दिसला. सासूबाई.

"मला वाटलं, बैलगाडी हाय," त्या म्हणाल्या.

सायकल गेली, नोकरी गेली, एवढंच डोक्यात. मुकाट्यानं त्यांना उठवलं, भारा उचलला.

संध्याकाळी ह्यांनी माझं कोपर बघितलं. "पडलीस ना?"

मी तोंड उघडायच्या आत चुलीपुढून सासूबाई बोलल्या, "ती कुठं पडली? मी पडले. मला उठवताना तिला खरचटलं." अन् भाकरी उलटली.

मला रडूच फुटलं. धूर लागला म्हणत बाहेर गेले.

सकाळी बघते तर घुंगरमाळ परत खुंटीला. सासूबाई दारात उभ्या. "ही माळ बैलालाच बरी," त्या म्हणाल्या. "देवानं एवढं तोंड दिलंय, ते कवा कामाला यायचं? वरडत जा."

तेव्हापासून चार किलोमीटर मी "सरका, सरका, बाई आली" करत जायची. अन् जन्मभर मला तोंड आवर म्हणणाऱ्या सासूबाई, वळणावरून माझा आवाज येतो का ते ऐकत, रोज दारात उभ्या राहायच्या.