उत्तरेची भिंत आणि श्रावणकाका

दुपारी मी वाचनालयात मासिकं लावत होते, तेव्हा राजेगावहून वंदनाचा, श्रावणकाकांच्या मुलीचा फोन आला. "मॅडम, बाबा नहीं रहे. सकाळी चहा घेतला, अन् बसल्या बसल्याच..." त्याला आता दीड महिना झाला.

श्रावण मेश्राम पेशानं गवंडी. भरवेलीच्या खाणवस्तीत वाढले, बालाघाटात कितीतरी घरं बांधली, आणि काम आटोपलं की आमच्या मराठी वाचनालयात पेपर वाचत बसायचे. पुढे कार्यकारिणीवर आले. वाचनालयाची इमारत संस्थेच्या मालकीची, आमच्या आजोबांच्या पिढीनं विटा-चुन्यात बांधलेली, वर कवेलूंचं कौलारू छप्पर. पण गळायला लागल्याशिवाय तिच्याकडे आम्ही कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. सचिव मीच होते, तेव्हा यात मीही आले.

मग उत्तरेच्या भिंतीला ओल धरली. गिलाव्याचे पोपडे पडू लागले, त्या बाजूच्या कपाटातल्या पुस्तकांना बुरशी आली. इमारत पाडून खाली दुकानं, वर सभागृह, असा ठराव बैठकीत जवळजवळ झालाच होता... तेव्हा काका उठले.

"हा सिमेंटचा गिलावा मीनंच केलता," ते म्हणाले. "चुन्याच्या भितीवर सिमेंट मारलं. आतली ओल बाहेर निघाले जागाच नाही राह्यली. भित खराब नाही, माह्यं काम खराब हाय. एक बरसात जाऊ द्या, मंग पाडाचं पाहा."

ते काम कुणाचं, हे आम्ही सगळे विसरलो होतो. ते गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं.

सत्तरीला टेकलेल्या त्या माणसानं छिन्नी घेऊन गिलावा खरवडला, उन्हाळाभर भिंत उघडी ठेवली, चुना भिजवून मुरवला आणि नव्यानं लावला. पावसाळ्यात रोज येऊन तळहात टेकवून पाहायचे. दिवाळीपर्यंत भिंत कोरडी राहिली आणि ठराव बारगळला. पण काकांनी आम्हाला सोडलं नाही. दर वैशाखात अख्ख्या कार्यकारिणीला इमारतीभोवती फिरवायचे... फुटलेलं कवेलू, तुंबलेली पन्हाळ, भेगेतलं पिंपळाचं रोप. गुडघे धरून चालणाऱ्या अध्यक्षांनी एकदा विचारलं, "यासाठी एक माणूस नेमू ना, मिस्त्री?"

"हौ, नेमा. पण पाहाचं तुमीच. घर तुमचं हाय."

परवा रंगारी आला. उत्तरेच्या भिंतीवर, दाराआड वीतभर जागेवर काकांनी तो जुना सिमेंटचा गिलावा तसाच ठेवला आहे, काळपट, ओलसर. काहून ठेवला, विचारलं तर म्हणाले होते, "नव्या लोकायले फरक दिसाले पायजे."

रंगाऱ्यानं त्यावर खरवडायचा पत्रा टेकवला. "मॅडम, ये टुकड़ा भी निकाल दूँ?"

"राहू द्या," मी म्हटलं. "ते श्रावणकाकांनी ठेवलंय."