घसरायला गेलेली पोरगी

मी घर सोडलं त्या सकाळी आईनं मला आंघोळीला पाऊण बादली पाणी दिलं. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं, हर्सूलच्या तलावात पोरं क्रिकेट खेळत होती, त्यामुळं पाऊण बादली म्हणजे लाडच होते. स्टेशनवर दिल्लीची गाडी लागली. आई खिडकीशी येऊन म्हणाली, "तिकडं पाणी लई असतंय म्हणतात. एकदा डोक्यावरून पोटभर न्हाऊन घे." एकोणीस वर्षांची तिची पोरगी हिमाचलात स्कीइंग शिकायला चालली होती आणि तिला त्यातलं एवढंच दिसत होतं. डब्यातली माणसं हसली. मला तिची लाज वाटली. आज त्या लाजेची लाज वाटते.

कॉलेजच्या एका शिबिरात पायांना पहिल्यांदा त्या लांब फळ्या बांधल्या आणि मी बिघडले, एवढीच माझी सुरुवात. पण औरंगाबादेत हे सांगायचं कसं? बाबा गणिताचे मास्तर. कुणी विचारलं की प्रामाणिकपणे सांगायचे, "बर्फावरून घसरायचा खेळ आहे." गल्लीच्या टोकापर्यंत जाताना त्यातला बर्फ वितळला आणि उरलं ते 'मास्तरांची थोरली घसरली'. पैठणची मावशी एसटीनं खास आईचं सांत्वन करायला आली. दोन दिवस राहिली, रडून गेली. मुलगी घसरली म्हटल्यावर कुठला खेळ, हे विचारायची गरज तिला वाटली नाही. ही गोष्ट मी पुढं शंभरदा हसत सांगितली आहे, पण खरं सांगते, मला त्या गोष्टीची शिसारीच येते. मुलगा गेला असता तर तो 'बाहेर गेला' असता.

एकट्या शमीम खालांनी कामाचं काहीतरी केलं. त्या आमच्या शेजारी, त्यांचं गुलमंडीत कापडाचं दुकान. त्यांनी रेनकोटच्या कापडात रजईचा कापूस भरून मला विजार शिवून दिली. शिवताना मात्र कुरकुरत होत्या, "बेटा, बरफ खाने की चीज है, उसपे दौडते कायकू?"

उत्तर मला अजून नीट देता येत नाही. मी जायंट स्लॅलम पळायचे, म्हणजे उतारावर रोवलेल्या झेंड्यांमधून वळणं घेत खाली यायचं. एकदा वरून सुटलं की डोक्यातलं सगळं बंद. हिमाचलात चार हिवाळे काढले, मग ऑस्ट्रियात तीन. देशात पदकं मिळाली, परदेशात पहिल्या चाळिसात कधी आले नाही. मग डावा गुडघा गेला. आता हिमाचलातल्या एका गावात मुलामुलींना शिकवते. आणि पाण्याचं म्हणाल तर तिथं हिवाळाभर पाइप गोठलेले असतात. पातेल्यात बर्फ घालून स्टोव्हवर वितळवायचा आणि पाचव्या दिवशी अंग पुसायचं. फोनवर आईला म्हणायचे, "हो गं, रोज न्हाते."

बाबा गेल्यावर तीन वर्षांनी शहरानं माझा सत्कार ठरवला. स्टेशनवरची पाटी आता छत्रपती संभाजीनगर झाली होती आणि आम्ही चिंचा पाडायचो तिथं बारा मजली टॉवर उभे होते. शाल, श्रीफळ, हार, सगळं झालं. मागच्या बॅनरवर माझ्या नावाखाली 'आंतरराष्ट्रीय स्केटिंगपटू' छापलं होतं. वक्ते म्हणाले, ताईंनी आपल्या शहराचं नाव चाकांवर जगभर फिरवलं. टाळ्या पडल्या. भेट म्हणून चाकांचे स्केट्स दिले, तेही लहान मुलांच्या मापाचे. मी हसून घेतले. त्या हसण्याचाही मला वीट आला.

सत्काराचं खरं कारण दुसऱ्या दिवशी कळलं. बायपासला एका बिल्डरनं बर्फाचा हॉल बांधला होता. आत उणे पाच, बाहेर बेचाळीस. त्याला माझं नाव पाटीवर हवं होतं आणि मी तिथं शिकवायला हवी होते. राहायला जवळच फ्लॅट. मागच्या दाराला टँकर लागले होते. आईच्या गल्लीत नळाला नवव्या दिवशी पाणी येतं, तेही तासभर, आणि इथं कोट घातलेली माणसं एकमेकांना बर्फाचे गोळे मारून किंचाळत होती. मी बिल्डरला म्हटलं, "इतकं पाणी तुम्ही खेळायला गोठवता?"

तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, तुम्ही युरोपात पळलात, तो बर्फ आभाळातून पडला होता का?"

नव्हता. निम्म्या शर्यतींचा बर्फ रात्रभर यंत्रांनी फवारलेला असायचा, खालच्या तळ्यातलं पाणी उपसून. मी त्यावरून सुटण्याचं सुख घेतलं होतं आणि ते तळं कुणाचं, हे कधी विचारलं नव्हतं. तरी मी नकार दिला.

घरी आले तर आईनं बाबांची खोली रिकामी करून धुऊन काढलेली. कॉटवर नवी गादी. मी आता इथंच राहणार, असं बिल्डरची माणसं आधीच येऊन तिला सांगून गेली होती, आणि खोली धुण्यात तिनं किती दिवसांचं पाणी घातलं ते मला विचारवलं नाही. मी नाही म्हटल्याचं सांगितलं, वर पाण्यावर भाषणही दिलं. ती गादीवरची चादर सारखी करत राहिली. मग म्हणाली, "पाणी तसंबी येत नाय. तू तरी आली असतीस."

मी "माझ्याकडं चल" म्हटलं. ती म्हणाली, "अन् नळाला कोण थांबल?" दोन दिवसांनी मी परतीची गाडी धरली.

हॉल जोरात चालू आहे, सुट्टीत रांगा लागतात. माझ्या नकारानं एक टँकर कमी झाला नाही, फक्त एक गादी रिकामी राहिली. शहराची किळस येते, तशी आता स्वतःचीही येते. तुमच्यातले जे तिथंच राहिले ते म्हणतील, तोरा आहे. जे माझ्यासारखे निघून आले ते काहीच म्हणणार नाहीत, कारण त्यांचीही कुणीतरी आई नळाशी उभी आहे.

घर कुठलं, असं इथली मुलं मला विचारतात. मी गावाचं नाव सांगते, ते त्यांना माहीत नसतं, विषय संपतो. पण आज नववा दिवस आहे, हे मला कॅलेंडर न बघता कळतं. आज आईला फोन करायचा नाही. वाजला तर ती बादली सोडून धावत येईल, आणि माझा आवाज ऐकेपर्यंत पाणी जाईल.