ब्रेकमास्तर आणि धबधब्याची सोपी वाट

त्यांना ब्रेकमास्तर म्हणत. तोंडावर नव्हे हो, पाठीमागे. तोंडावर सगळे 'सर'च म्हणायचे. धंदा मोटार शिकवण्याचा. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक जादा ब्रेक असतो, तो तुम्ही पाहिला असेल. बाकीचे मास्तर तो अडीनडीला वापरतात. आमच्या मास्तरांचा उजवा पाय त्यावरून निघायचा तो फक्त जेवायच्या सुट्टीत.

समोरून सायकल आली, ब्रेक. फुटपाथवरच्या कुत्र्याने रस्त्याकडे नुसतं बघितलं, ब्रेक. सिग्नल फार वेळ हिरवा राहिला, तरी ब्रेक, कारण इतका वेळ हिरवा आहे म्हणजे आता लाल होणारच. शिकणाऱ्याला काही कळायच्या आत गाडी जागच्या जागी उभी राहायची आणि मास्तर घाम पुसत म्हणायचे, "बघितलंत? थोडक्यात वाचलो."

परिणाम काय झाला, तर त्यांच्याकडे शिकलेल्यांना सगळं यायचं, फक्त ब्रेक मारता येत नसे. वेळच आली नव्हती ना कधी! परीक्षेच्या दिवशी समोर कुणी आडवं आलं की ही मंडळी स्टिअरिंग घट्ट धरून शेजारच्या साहेबांच्या तोंडाकडे बघत राहायची, आता हे मारतील म्हणून. साहेब मारायचे, आणि वर नापासही करायचे. मग स्वारी पुन्हा मास्तरांच्या दारात. मास्तरांचा धंदा यावर उत्तम चालला. त्यांच्या सख्ख्या लेकीची तीच गत. दोनदा नापास झाली, मग मैत्रिणीची गाडी मोकळ्या मैदानात नेऊन गुपचूप ब्रेक शिकली आणि पास झाली. मास्तर आजही सांगतात, पोरीला मीच तयार केली.

घरी पेडल नव्हतं, पण तोंड होतं. "स्टुलावर चढू नकोस, मी काढून देतो." "एवढ्या उन्हात कशाला जातेस?" "एवढ्या गार हवेत कशाला जातेस?" माणूस वाईट होता का? छे हो! बायकोवर जीव होता त्यांचा. पण जीव होता म्हणजे सतत तो टांगणीला लावलेला. आपण जरा डोळा मिटला की हिचं काहीतरी होईल, ही भीती त्यांच्या पोटात कायम घर करून बसलेली. लोक हिला काळजी म्हणायचे, म्हणून मास्तरांनाही ती काळजीच वाटायची.

बायको कपड्यांच्या लाँड्रीत काउंटरवर असायची. शहराबाहेरच्या जंगलात एक धबधबा आहे. वाट इतकी सोपी की सुरुवातीलाच पाटी लावलीय, 'सोपी वाट, लहान मुलांसह जाता येईल.' दर सोमवारी लाँड्रीत तिकडच्या तांबड्या चिखलाने माखलेल्या पँटी यायच्या. बाई तो चिखल नुसत्या नजरेने ओळखायची. "धबधब्याचा ना?" गिऱ्हाईक खुलून सांगायचं, "काय सुंदर आहे हो! तुम्ही गेला असालच." "हो तर," ती म्हणायची आणि पावती फाडून द्यायची. ती काही गेली नव्हती. म्हणजे निघाली होती, तीनदा. लग्नानंतर नवी नवरी म्हणून निघाली, तेव्हा मास्तरांना ढग दिसला. लेक लहान असताना निघाली, तेव्हा शेवाळं दिसलं. पुढे एकदा शेजाऱ्यांबरोबर गेली, तेव्हा काहीच दिसलं नाही, आणि मास्तर म्हणाले, हीच तर धोक्याची खूण. तिन्ही वेळा ती वाटेतूनच निमूट मागे फिरली. दुसऱ्यांच्या पँटींवरचा चिखल मात्र तिने उभा जन्म काढला.

यंदा लेक, जावई आणि नात सुट्टीला आले आणि बाईने जेवताना जाहीर केलं, "रविवारी धबधब्याला जायचं. आणि या खेपेला मी तो बघितल्याशिवाय परत येणार नाही, सांगून ठेवते." आवाज चढलेला नव्हता, म्हणून मास्तर जास्त घाबरले.

"बघू," मास्तर म्हणाले.

"बघूच," ती म्हणाली.

रविवारी मास्तरांच्या मोटार शिकवण्याच्या शाळेच्याच गाडीतून वरात निघाली. मास्तरांच्या पिशवीत दोरखंड, शिट्टी, पायाला बांधायची पट्टी आणि भर दुपारच्या सहलीसाठी टॉर्च. वाटेवर तोबा गर्दी. आज्या चालल्यात, तान्ही बाळं चालली आहेत, कुणी चपला हातात घेऊन चाललंय. आमचं बिऱ्हाड मात्र मोहिमेवर निघालेलं. मास्तर पुढे. "अंतर ठेवा! अंतर!" वळण आलं की ते शिट्टी मारायचे, न जाणो समोरून कुणी आलं तर. आणि डबकं दिसलं की सगळे आपोआप थांबून मास्तरांच्या तोंडाकडे बघायचे. जावई तर एक पाय उचललेलाच ठेवायचा. बिचारा त्यांचाच जुना विद्यार्थी. मुलगी मिळाली, पण लायसन्स मिळायला अजून दोन वर्षं लागली.

मागून एक तरुण बाई पाठीवर बाळ बांधून आली. तीही जुनी विद्यार्थिनी. "सर, ओव्हरटेक करू का?"

"उजवीकडून. मागे बघून." मास्तर चेष्टा समजले नाहीत. ती हसत पुढे गेली, तिच्यामागून काठी टेकत एक म्हातारबाबाही पुढे गेले.

"आजोबा, आपण मागेमागेच का चाललोय?" नातीने विचारलं.

"आपण मागे नाही बाळा. आपण सुरक्षित आहोत."

अर्ध्याहून जास्त वाट सरली तसा धबधब्याचा आवाज यायला लागला. बाईचा चेहरा फुलला, आणि मास्तरांचा पाय शिवशिवला. त्यांनी आकाशाकडे बघितलं. एवढ्या निळ्या आभाळात त्यांनी एक ढग शोधून काढलाच.

"आवाज इथून छान येतोय नाही?" ते म्हणाले. "मी म्हणतो, आवाज ऐकला म्हणजे निम्मा धबधबा झालाच की. उरलेला निम्मा फोटोत बघता येईल. इथेच बसून डबा खाऊ, काय?"

लेकीने आईकडे बघितलं. बाई खाली वाकली आणि बुटाची नाडी घट्ट बांधून सरळ चालायला लागली. आता मास्तरांना धावत जाऊन पुन्हा पुढे व्हावं लागलं. पुढे होऊन ते वळले आणि सगळ्यांकडे तोंड करून उलटे चालायला लागले, म्हणजे प्रत्येकावर लक्ष राहील. "ऐका! इथून पुढे खरी परीक्षा. चालताना नजर कुठे? समोर! समोर बघून चालायचं, इकडेतिकडे बघायचं ना..."

आणि मास्तर दाणकन आडवे झाले. दगड नव्हता, शेवाळं नव्हतं, उतार नव्हता. अंगणासारख्या सपाट जागी एका मुळाला टाच अडली, बस. उजवा घोटा मुरगळला. तोच तो, ब्रेकवरचा.

दुखलं, खोटं कशाला बोला, चांगलंच दुखलं. पण कळवळताना मास्तरांच्या मनात आत कुठेतरी एक हुश्श झालं. चला, आता परतायचा प्रश्न मिटला. बाईही उदास होऊन बघत असेल, तिची समजूत काढावी म्हणून ते मोठ्या मनाने म्हणाले, "काय करणार, माझंच नशीब फुटकं. तुम्हाला हवं तर तुम्ही जा बापडे. माझं काय, मी पडतो इथेच एकटा."

यावर काय उत्तर यायचं असतं, हे कुठल्याही संसारी माणसाला ठाऊक आहे. मास्तर त्याचीच वाट बघत होते.

"बरं," बाई म्हणाली.

मास्तरांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पण बाईने पिशवीतून त्यांचीच पट्टी काढली, घोटा करकचून बांधला, त्यांना धरून एका खडकापाशी बसवलं, पायाखाली पिशवी सरकवली आणि शेजारी डबा ठेवला. "उठू नका. वाट सोपी आहे, पण तुम्हाला जमेल असं वाटत नाही. आम्ही येतोच."

खडकावरून समोरचा ओढा दिसत होता. त्यात पाय टाकायला दगड मांडलेले, पलीकडे वाट वळलेली आणि त्या वळणामागे धबधबा. मास्तर मान उंच करून बघत राहिले. सगळ्यात पुढे बायको. तिने पहिल्या दगडावर पाय ठेवला आणि दगड डुगडुगला. मास्तरांचा सुजलेला पाय पिशवीत रुतला. पिशवीला ब्रेक नव्हता. मग त्यांनी आयुष्यभराचा दम एकवटला आणि आवाज काढला.

"थांब!"

काय सांगू तुम्हाला! सगळा ओढा थांबला. लेक थांबली, नात थांबली, जावई एक पाय हवेत धरून थांबला. पलीकडून परत येणारे दोघे जुने विद्यार्थी थांबले. ज्यांनी मास्तरांना कधी बघितलंही नव्हतं ते लोकही थांबले. फक्त एक माणूस थांबलं नाही. बाई दुसऱ्या दगडावर गेली, तिसऱ्यावर गेली. मधोमध पोचल्यावर तिने वळून बघितलं तेव्हा मास्तरांना वाटलं, फिरली.

"अहो," ती ओरडली, "डब्यात अंडी आहेत, खाऊन घ्या!"

आणि गेली की वळणाआड. जावयाचा तोल सुटून तो ओढ्यात बसला. पाणी कंबरेपर्यंत आलं, त्याला काही झालं नाही, उलट नात टाळ्या पिटायला लागली. मग तिघंही आजीच्या मागे निघून गेली आणि मास्तर एकटे राहिले.

त्यांनी अंडी खाल्ली नाहीत. वळणाकडे टक लावून ते कसलीतरी वाट बघत होते, आणि ती कसली हे त्यांचं त्यांनाच कळल्यावर ते चपापले. ते किंकाळीची वाट बघत होते. किंकाळी काही येईना. येत होता तो लोकांचा हसण्याचा आवाज. इतकी वर्षं त्यांना वाटायचं, घरदार, शाळा, रस्त्यावरची रहदारी, सगळं आपल्या या एका पायावर तोललेलं आहे. आता तो पाय पिशवीवर पडला होता आणि कुणाचं काही अडलेलं दिसत नव्हतं. मास्तरांना भारी वाईट वाटलं. रडूच आलं म्हणा ना.

तेवढ्यात ती बाळवाली परत आली. "अहो सर, काकू बघा ना, धबधब्याखाली उभ्या आहेत!"

"खाली? म्हणजे खाली कुठे?"

"मधोमध! कपड्यांसकट."

"आणि कुणी अडवलं नाही तिला?"

"कोण अडवणार?" ती सहज म्हणाली. "तुम्ही तर इथे."

बऱ्याच वेळाने बाई आली ती नखशिखान्त भिजून. केसांतून पाणी निथळतंय, दात वाजताहेत, दोन्ही गुडघे तांबड्या चिखलाने माखलेत. मास्तरांच्या शेजारी धपकन बसली आणि काही बोलायच्या आधी ढसाढसा रडली.

"लागलं का? घसरलीस? काय झालं?"

"किती जवळ होता हो," ती म्हणाली. "या एवढ्याशा वळणामागे. तीनदा इथवर येऊन परत गेले मी. तीनदा!"

मास्तरांनी आपलं जाकीट काढून तिच्या खांद्यावर टाकलं. जमिनीकडे बघत त्यांच्या तोंडून निघालं, "मला भीती वाटायची गं. तू पडशील म्हणून."

"पडले की," तिने नाक पुसलं. "दोनदा पडले. मग उठले."

मास्तरांनी एक अंडं सोलून तिच्या हातात दिलं, आणि तिने ते खाल्लं.

जावयाच्या आणि लेकीच्या खांद्यांवर लटकत मास्तर गाडीपर्यंत आले. आता त्यांना पाय पसरायला हवा, म्हणून मागची सीट त्यांना. नात आणि ओला जावई त्यांच्याच शेजारी कसेबसे कोंबले. लेक चालवायला बसली. आणि मास्तरांच्या जागेवर, जादा ब्रेकसमोर, बसली बाई. बसल्याबसल्या तिने ओले बूट काढले आणि दोन्ही पाय वर घेऊन चक्क मांडी घातली. पेडल मोकळं. मास्तरांनी मागून वाकून बघितलं, खरंच मोकळं.

"अगं, पाय जरा खाली..."

बाईचा डोळा लागला होता.

घाट उतरताना एका वळणावर समोरून ट्रक आला. मास्तरांच्या पट्टी बांधलेल्या पायाने पुढच्या सीटच्या पाठीवर असा काही दाब दिला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. "आई गं!" पण तोवर लेकीने गाडी हळू केली होती, कडेला घेतली होती, ट्रकला वाट दिली होती. पुढच्या सीटवर बाईची मान जरा कलंडली, एवढंच. झोप काही मोडली नाही.

"काय झालं बाबा?" लेकीने आरशात बघितलं. "थांबवू का?"

मास्तरांनी बायकोच्या ओल्या केसांकडे बघितलं. मग त्या रिकाम्या पेडलकडे बघितलं. घोटा ठणकत होता.

"नको," ते म्हणाले. "चालू दे."