इस्त्री केलेलं पत्र

माझ्या वहिनीने आयुष्यात एकच पत्र इस्त्री केलं, आणि ते माझं होतं.

मी जन्मापासून आंधळा. बारा वर्षांचा होतो तेव्हा मुंबईला अंधांच्या शाळेत शिकायचो, तिथल्याच वसतिगृहात राहायचो आणि मे महिन्याच्या सुटीत पनवेलला घरी यायचो. शाळेत आम्ही जाड कागदावर टोचणीने ठिपके उठवून लिहायचो आणि बोटांनी वाचायचो; सहा जागांपैकी कुठे ठिपका आहे आणि कुठे नाही, त्यावरून अक्षर ओळखायचं. पनवेलात ती लिपी वाचणारा मी एकटाच! आळीतली मुलं तशी वाईट नव्हती. कैऱ्या पाडायला मलाही न्यायची. ती झाडावर, मी खाली राखणीला. (आंधळा राखणदार! मालक यायचा, मुलं पळायची आणि कान माझा पिळला जायचा.) एरवी मी दिवसभर ओटीवर. येणारा-जाणारा "काय बाळ, बरं आहे ना?" असं विचारायचा आणि उत्तर ऐकायला थांबायचा नाही. खरं सांगतो, त्या सुटीत मला फार एकटं वाटायचं.

म्हणून मी शाळेतल्या दत्तूला पत्र लिहिलं. दत्तू माझ्यासारखाच आंधळा, पुण्याजवळच्या गावचा, आणि जगातला माझा एकुलता एक मित्र. "आठ दिवस आमच्याकडे ये. वडील एसटीत बसवून देतील, मी स्टँडवर येतो. दिवस तेवढा कळव." दादाला पोस्टात जायला सवड होईना, म्हणून कुणाचा हात लागू नये अशा बेताने मी ते पत्र चार दिवस माझ्या गादीखाली जपून ठेवलं.

दत्तूचं उत्तर आलं तेव्हा मी आंघोळीला बसलो होतो. दादाचं लग्न होऊन महिनाही झाला नव्हता, आणि नव्या वहिनीला घरात प्रत्येकाचं काहीतरी भलं करायची घाई होती. मी ओलेत्यानेच धावलो. पाहतो तो कागद गरम!

"भाऊजी, कागदाला नुसतं घामोळं आलं होतं हो!" वहिनी कौतुकाने म्हणाली. "यांच्या शर्टाबरोबर त्यावरही इस्त्री फिरवली. बघा कसा गुळगुळीत झालाय!"

झाला होता खरा. एक ठिपका शिल्लक असेल तर शपथ! दत्तू कधी येणार ते कोळशाच्या इस्त्रीखाली गेलं होतं. मी भोकाड पसरलं. काय झालं ते कळल्यावर वहिनीनेही पसरलं, आणि आमचा आवाज ऐकून शेजारचे सोनारकाका भिंग घेऊनच आले.

"अरे, मागच्या अंगाला बारीक खुणा राहिल्यात की!" काका म्हणाले. "रडता कशाला? संध्याकाळपर्यंत उठवून देतो."

संध्याकाळी पत्र आलं. ठिपके असे टपोरे की काय सांगू! मी बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकच अक्षर! किसणीवर बोट फिरवल्यासारखं वाटत होतं.

"बाळ, कारागीर कच्चा होता रे," काका म्हणाले. "कुठे दोनच ठिपके, कुठे तीन. मी सगळीकडे सहाच्या सहा पुरे केले. त्याचे जास्त पैसे नकोत हो!"

आता एकच मार्ग उरला. रोज दुपारी, भर उन्हात, वहिनी माझा हात धरून मला एसटी स्टँडवर नेऊ लागली. पुण्याची गाडी आली की माझे कान उभे! चौथ्या दिवशी वहिनीने काळ्या चष्म्यातल्या एका ठेंगण्या माणसाचा दत्तू समजून हातच धरला. "चला भाऊजी, घाबरू नका, पायरी आहे पुढे..."

"अहो बाई, हात सोडा! दिसतंय मला! मी तालुक्याचा साहेब आहे!"

स्टँडवर मासळी घेऊन बसणारी करंजा गावची कोळीण रोज विचारायची, "तुजा दोस्त आज पन नाय आला रं? उद्या येल हां." सुटीत रोज माझ्याशी बोलणारं घराबाहेरचं माणूस म्हणजे तीच. दत्तू आलाच नाही. शेवटी शेवटी मी वहिनीशी बोलणंही सोडलं. तिने माझा मित्र जाळला, असं मी आईला सांगितलं. वहिनीने ते ऐकलं होतं.

जूनमध्ये वसतिगृहात दत्तू भेटला. मी चिडूनच विचारलं, "का आला नाहीस?"

"कुठे येऊ?" दत्तू माझ्याहून चिडलेला. "तुझं पत्र सगळं सपाट! वर कोणी झोपलं होतं की काय? पाकिटामागचा तुझा पत्ता वडिलांनी वाचला. मी उलट टपाली लिहिलं, पुन्हा लिही म्हणून. रोज वाट बघितली. वाटलं, घरी गेलास आणि विसरलास मला."

वर कोण झोपलं होतं, ते मला चांगलंच ठाऊक होतं. चार रात्री, डाव्या कुशीवर!

त्याच दिवशी मी वहिनीला माफीचं पत्र लिहिलं. चूक माझीच होती, सगळं कबूल केलं, आणि दाबलं जाऊ नये म्हणून पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून पाठवलं. वहिनीला ही लिपी येत नाही, हे माझ्या ध्यानात आलं नाही ते आलंच नाही.

दिवाळीत घरी गेलो तर वहिनीने लाडवांच्या रिकाम्या डब्यातून पत्र काढून माझ्या हातात ठेवलं. पाच महिने तिने त्यावर काडीचंही वजन पडू दिलं नव्हतं. "काय लिहिलंय, भाऊजी? वाचा ना."

मी बोट ठेवलं. ठिपका न् ठिपका शाबूत होता. "वहिनी, माझं चुकलं" ही पहिलीच ओळ. आणि माझी जीभच रेटेना!

"लिहिलंय की..." मी म्हणालो, "कैरीचं लोणचं पाठवा."

"एवढंच ना? आणि मी मेली काय काय समजून बसले होते!" वहिनी हसली, आणि जाताना तिने अख्खी बरणी बांधून दिली. ते लोणचं मी आणि दत्तूने वर्षभर पुरवून खाल्लं. तिखट नव्हतं फारसं, पण माझ्या डोळ्यांतून मात्र प्रत्येक घासाला पाणी यायचं.